ऱ्होड्सचं जुनं गाव, आईचा गुडघा आणि हो म्हणजे ‘ने’

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आईला घेऊन ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर (तिथले लोक रोदोस म्हणतात) जाऊन आले. आई ७० वर्षांची, उजव्या गुडघ्यानं संप पुकारलेला, पूर्ण शाकाहारी, सरकारी दवाखान्यात ३३ वर्षं नर्स होती. जायच्या आधी मी नेटवर खूप शोधलं पण सापडायचं काय तर सूर्यास्ताचे फोटो नाहीतर हनिमूनवाले. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात आठवडाभर कसं राहायचं हे कोणी सांगेना. म्हणून हे लिहितेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात अर्थातच व्हिसापासून. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आम्ही मे महिन्यात ठरवलं आणि मुंबईची अपॉइंटमेंट मिळाली २४ जूनची. कागद म्हणजे कव्हर लेटर, बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, माझं ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेल बुकिंग, विमानाचं रिझर्व्हेशन (तिकीट विकत घेऊ नका, आधी नुसतं रिझर्व्हेशन), आणि किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स. आईसाठी पेन्शनचा आदेश, पेन्शन जमा होते त्या खात्याचं स्टेटमेंट, आणि खर्च मी करणार असं माझं पत्र. घोळ झाला तो आईच्या नावाचा. पासपोर्टवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, पेन्शनच्या कागदावर बाबांचं नाव मधे गायब. नोटरीकडून तिन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. आई म्हणाली, तीस वर्षं पगार घेतला तेव्हा कोणाला शंका आली नाही.

पहाटेची शिवनेरी पकडून पुण्याहून निघालो, धो धो पाऊस, कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. व्हिसा सेंटरमध्ये बाकी सगळं पटापट झालं आणि बोटांच्या ठशांना गाडी अडली. आईचे ठसेच उमटेनात. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या, स्पिरिटनं हात धुतलेले, उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्यात. तिथली मुलगी बिचारी टिश्यूनं बोटं पुसतेय, परत ठेवा मावशी, जरा दाबून मावशी. पाचव्यांदा जमलं. तुमच्याकडचे ज्येष्ठ असतील तर आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल चोळा आणि सकाळी साबणानं धुवून जा, हा आईचाच नर्सिंगवाला सल्ला आहे, आम्हाला आधी सुचला नाही.

फी माणशी ९० युरो, म्हणजे तेव्हा नऊ हजारांच्या आसपास, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. मग वाट बघणं. नियमात पंधरा दिवस म्हणतात, आमचे पासपोर्ट विसाव्या दिवशी आले, १४ जुलैला. त्या वीस दिवसांत मी रोज स्टेटस बघायचे आणि आई विचारायचीसुद्धा नाही. पाकीट उघडलं तर व्हिसा अगदी मागितला तेवढ्याच दिवसांचा, वर थोडी सवलत. म्हणून परतीची तारीख नीट विचार करून टाका.

तारखांवरून घरात मात्र खडाजंगी. गणपती झाल्याशिवाय निघायचं नाही हे ठरलेलंच होतं, पण त्यानंतर लगेच पितृपक्ष. आई म्हणे पितृपक्षात कोणी परदेशी जातं का, मी म्हटलं विमान स्वस्त आहे, ती गप्प झाली. १७ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून आखातातल्या एका स्टॉपवरून अथेन्स, दोघींचं जाऊन येऊन १ लाख २८ हजार. व्हीलचेअर तिकिटातच मागून ठेवली होती, त्याचे पैसे लागत नाहीत, लाजू नका, लांबच लांब इमिग्रेशनच्या रांगा वाचतात.

अथेन्सबद्दल लिहीत नाही, त्यावर ढिगानं आहे. फक्त अक्रोपोलिसचं तिकीट आता ३० युरो झालंय आणि वेळेचा स्लॉट आधी घ्यावा लागतो एवढं लक्षात ठेवा.

२१ तारखेला, सर्वपित्री अमावस्येला, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून ऱ्होड्सची बोट. विमान तासाभरात पोचवतं, पण मला बोटीनंच जायचं होतं. सोळा तासांचा प्रवास, साधी खुर्ची खूप स्वस्त पडते पण गुडघ्याकडे बघून दोन बेडची केबिन घेतली. फार बरं केलं. वाटेतल्या बेटांवर बोट थांबते तेव्हा मध्यरात्री भोंग्यावर घोषणा होतात, पहिल्या घोषणेला आई उठून चप्पल घालून तयार. जेवणाचा डबा बरोबर ठेवा, आमच्याकडे गुळाच्या पोळ्या आणि लसणाची चटणी होती.

सकाळी डेकवर गेलो आणि समोर गाव. आधी धक्क्यावरच्या तीन पवनचक्क्या, मग बंदराच्या तोंडाशी एक बुटका गोल बुरूज, त्यामागे लांबच लांब तट आणि सगळ्यात वर ग्रँड मास्टरचा, म्हणजे इथे पूर्वी राज्य करणाऱ्या सरदारांच्या प्रमुखाचा, राजवाडा. आई अलिबागची. कठड्याला धरून पाच मिनिटं काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “कुलाबा किल्ला कोणीतरी ताणून लांब केलाय.” तो बुटका बुरूज म्हणजे सेंट निकोलसचा किल्ला. तिथेच कुठेतरी जगातल्या सात आश्चर्यांपैकी तो प्रचंड ब्राँझचा पुतळा होता असं गाईड सांगतात. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमाराला उभारला आणि जेमतेम पन्नास-साठ वर्षांत भूकंपात पडला. दुकानांत विकतात तसा बंदराच्या दोन्ही काठांवर पाय ठेवून तो उभा नव्हता, अभ्यासक ते मानत नाहीत, पण मॅग्नेट तसेच मिळतात.

आता खरी गोष्ट. व्हिसाच्या कागदांची तयारी मी तीन महिने केली, गावातल्या दगडांची तीन मिनिटंही केली नाही. टॅक्सी दरवाजापर्यंतच येते, तटाच्या आत बहुतेक गल्ल्यांत गाडी जात नाही. आणि गल्ल्यांत फरशी नाही, खोख्लाकी आहे. समुद्रानं गुळगुळीत केलेले काळे पांढरे गोटे, उभे रोवलेले, म्हणजे पावलाखाली त्यांची बारीक कड येते. अंगणात नक्षी करतात तेव्हा सुंदर दिसतं, त्यावरून २० किलोची ट्रॉली बॅग ओढा म्हणजे कळेल. खडखडाट असा की खिडक्यांतून लोक बघतायत, आणि साधारण दोनशे मीटरवर एक चाक निखळून गोल गोल फिरत मांजरापाशी जाऊन पडलं. मांजर उठलंसुद्धा नाही.

हॉटेलच्या मालकांना फोन केला तर ते हातगाडी घेऊन आले. सत्तरीचे गृहस्थ, इंग्रजी मोडकं तोडकं, आईला बघून म्हणाले, फोन आधी का नाही केला, सगळ्यांसाठी आणतो. म्हणजे बुकिंग करताना एक ओळ लिहून विचारा, सामान न्यायला कोणी येईल का. आणि बूट जाड रबरी तळाचे घ्या. आईच्या सँडलच्या पातळ तळातून गोटे टोचायचे, दुसऱ्या दिवशी नवीन गावात जाऊन ३५ युरोचे बूट घेतले. घडीची काठी नेली होती, तिच्या टोकाला रबर आहे ना बघून घ्या. पावसानं ओले झाले की हे गोटे साबणासारखे होतात म्हणे, आम्हाला पाऊस लागला नाही.

खोली ८५ युरो रात्रीला, तटाच्या आत, तळमजला (हे महत्त्वाचं, जुन्या घरांचे जिने उभे असतात). त्याशिवाय सरकारी कर वेगळा द्यावा लागतो, हवामान बदलाच्या नावाचा, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे, एप्रिल ते ऑक्टोबर जास्त. आमचं दोन ताऱ्यांचं म्हणून रात्रीला २ युरो, पाच ताऱ्यांना १५ आहे. बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसतो, तिथे गेल्यावर भांडू नका. आणि टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारी डबा असतो त्यात टाकायचा, पाइप बारीक आहेत.

त्या दिवशी घटस्थापना होती. घट घरी वहिनीनं बसवला होता, पण आईनं खोलीच्या कोनाड्यात सुपारी मांडली, हळदकुंकू वाहिलं, मालकांच्या अंगणातलं एक बोगनवेलीचं फूल विचारून घेतलं. उठता-बसता उपास असतो तिचा. मग खायचं काय? राजगिऱ्याचे लाडू होते, दही मिळालं ते इतकं घट्ट की आई म्हणाली हा चक्काच आहे, द्राक्षं आणि ताजे अंजीर. मालकीणबाईंनी एका बशीत हिऱ्याच्या आकाराच्या वड्या आणून दिल्या, मेलेकुनी म्हणतात, तीळ आणि मध, संत्र्याच्या सालीचा वास. इथे लग्नात वाटतात. आईनं हातात घेऊन उलटसुलट बघितली. तिळाची वडीच, फक्त गुळाऐवजी मध. उपासाला तीळ चालतात की नाही यावर तिनं अलिबागला मावशीला व्हॉट्सअॅप कॉल केला, वीस मिनिटं चर्चा झाली, निर्णय असा की त्यात दालचिनी लवंग पण आहे तेव्हा आज नको, उद्या पहाटे पहिली ती.

जेवणाचं एकूण सोपं निघालं. ग्रीक लोकांचे स्वतःचेच उपासाचे दिवस भरपूर असतात, त्या दिवशी ते मांस, दूध, अंडं काही खात नाहीत, त्या जेवणाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. एवढा एक शब्द पाठ करा, व्हेज व्हेज म्हणत बसण्यापेक्षा लवकर कळतं, फक्त कोळंबी वगैरे त्यांना उपासाला चालते, तेवढं विचारा. फावा म्हणजे घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण कधी त्यात खिमा घालतात, विचारून घ्या. पितारूदिया ही खास ऱ्होड्सची, हरभऱ्याची भजी, पुदिना घातलेली. आईनं तीन दिवस रोज खाल्ली.

विचारून घ्या म्हटलं खरं, पण उत्तर कळायला हवं. ग्रीकमध्ये हो म्हणजे ‘ने’. नाही म्हणजे ‘ओही’. आई विचारायची, “मीट?” वेटर म्हणायचा, “ने, ने.” आईला वाटायचं, नाही नाही म्हणतोय. नशीब की दुसऱ्या ताटाच्या वेळी मी शेजारी होते. आणि उलट माझी फजिती: कारंज्याच्या चौकातल्या एका हॉटेलात संत्र्याचा रस मागवला, त्यानं विचारलं “बिग?” मी नको म्हणायला मान हलवून “ना ना” केलं, त्यानं ते ‘ने’ ऐकलं. फुलदाणीएवढा ग्लास आला, दोन स्ट्रॉ घालून, १४ युरो. भांडता येईना कारण मेन्यूवर छोट्या अक्षरात तो भाव होता. मुख्य चौकात बसायचं तर आधी भाव बोटानं दाखवून विचारायचा, नाहीतर दोन गल्ल्या आत जायचं, तिथे तेवढ्यात दोघींचं जेवण व्हायचं.

सकाळी दहा ते चार या वेळात सॉक्रेटिस रस्त्यावर (बाजाराचा रस्ता आहे तो) जाऊच नका, क्रूझची माणसं उतरतात, तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी जसं असतं तसं. आमचं वेळापत्रक म्हणजे साडेसात ते दहा फिरणं, मग झोप, पाचनंतर परत. काठी टेकत टेकत चालल्यामुळे दिवसाला एक गोष्ट व्हायची, फार तर दोन.

आईला राजवाड्यात इंटरेस्ट नव्हता. ते सरदार, नाइट्स, मूळचे जेरुसलेमला यात्रेकरूंचा दवाखाना चालवणारे, म्हणून हॉस्पिटलर, हे मी तिला बोटीत सांगितलं होतं, तेवढंच तिच्या डोक्यात राहिलं. तेव्हा पहिला त्यांचा दवाखाना. १४४० ला बांधायला घेतला आणि १४८९ ला पुरा झाला, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरचा मोठा वॉर्ड अजून तसाच आहे, लांबलचक दालन, मधोमध खांबांची रांग, भिंतीत छोट्या अंधाऱ्या खोल्या. आई दारात उभी राहिली आणि बोटानं मोजायला लागली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, “खाटा बसवतेय. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा तरी बसतील, मधून ट्रॉली जाईल.” मग दारासमोरचा प्रार्थनेचा कोनाडा बघून म्हणाली, बरोबर आहे, पडल्या पडल्या देव दिसायला हवा, आमच्याकडे गणपतीचा फोटो जिन्यात लावला होता, पेशंटला काय उपयोग. त्या अंधाऱ्या खोल्या कशासाठी यावर तिचा निकाल ठाम होता, आयसोलेशन. सिस्टरांची टेबलं कुठे असतील तेसुद्धा तिनं ठरवलं. पाऊण तास आम्ही त्या रिकाम्या दालनात होतो, बाकीचे लोक एक फोटो काढून पुढे. त्याच संग्रहालयात संगमरवराची छोटी अफ्रोडाइटी देवी आहे, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी केस पिंजारलेली, फार प्रसिद्ध. आई म्हणाली, “न्हाऊन केस वाळवतेय, आणि गुडघा बघ किती छान दुमडतोय.”

सरदारांचा रस्ता संध्याकाळी रिकामा असतो तेव्हा चाला, चढ आहे पण हळूहळू. फ्रान्सवाले, इटलीवाले, स्पेनवाले, भाषेप्रमाणे ज्याचं त्याचं वेगळं घर, आणि तटाचाही एकेक भाग एकेका भाषेच्या लोकांना राखायला वाटून दिलेला. १५२२ ला तुर्कांच्या सुलतान सुलेमाननं वेढा घातला, सहा महिने चालला, शेवटी तह करून १ जानेवारी १५२३ ला हे लोक बेट सोडून गेले आणि पुढे माल्टाला स्थिरावले. वेढ्याची खरी जाणीव वर नाही, खाली खंदकात होते. खंदक कोरडा आहे, आत उतरून चालता येतं, तिकीट नाही, जमीन सपाट, गोटे नाहीत! गुडघेवाल्यांसाठी गावातली सगळ्यात चांगली जागा हीच आणि गर्दी शून्य. दगडाचे तोफगोळे जागोजागी पडलेत, कलिंगडाएवढे. आईनं एकावर बसून पाणी प्यायलं. अर्ध्या लिटरची बाटली टपरीवर अर्ध्या युरोला मिळते, तेवढ्यालाच घ्या.

बुधवारी ज्यू वस्तीत गेलो. काहाल शालोम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १५७७ चं, ग्रीसमधलं सगळ्यात जुनं चालू सिनेगॉग, आत तीच काळीपांढरी खोख्लाकी. जवळच्या चौकात सहा बाजूंचा काळा दगडी खांब आहे, सहा भाषांत लिहिलेला. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी या वस्तीतली सोळाशेहून जास्त माणसं बोटीत भरून नेली, आउश्विट्झच्या छळछावणीत, परत आली ती दीडशेच्या आसपास. आईच्या लहानपणी अलिबागला शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं, शनिवारी चूल पेटवायची नाही, आणि आईच्या घरून त्यांच्याकडे पुरणपोळी जायची. ते लोक पुढे इस्रायलला गेले. आईनं खांबाभोवती एक फेरी मारली, मराठीत नाही का कुठे, असं विचारलं, आणि बाकावर बसून राहिली. तिथून आम्ही दुसरीकडे कुठे गेलो नाही त्या दिवशी.

बेटावरच्याच लिंडोस गावाला बसनं एक दिवस, पन्नासेक किलोमीटर, तासाभराहून जास्त लागतो. वरच्या मंदिराला पायऱ्या खूप आहेत, गाढवं मिळतात पण त्या ओझ्यानं वाकलेल्या जनावरांवर बसायला आईनं साफ नकार दिला. ती खाली सावलीत कॉफी पीत बसली, मी धावत वर जाऊन आले. छान आहे.

राजवाडा मुद्दाम शेवटी ठेवला होता. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार ग्रीसमधल्या सरकारी वास्तू फुकट असतात, २०२५ ला २७ आणि २८. गर्दी होती पण चालण्यासारखी. खरं तर मूळ राजवाडा १८५६ ला दारूगोळ्याच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला, आता दिसतो तो बराचसा इटालियनांनी १९३७ ते ४० मध्ये परत बांधलेला, आणि जमिनीवरची मोझेकं कोस बेटावरून उचलून आणलेली. म्हणजे नव्या घरात जुना गालिचा. मला ती मोझेकं आवडली, इमारत फार चकचकीत वाटली. मुख्य जिना रुंद आहे, आई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढली, मागची माणसं शांतपणे थांबली, कोणी चुकचुकलं नाही.

२८ ला सकाळी विमानानं अथेन्स आणि तिथून घरी. एकूण खर्च दोघींचा साडेतीन लाखांच्या आसपास, त्यात व्हिसा-इन्शुरन्सचे २६ हजार आणि ते फुलदाणीभर संत्रं धरून. मेलेकुनीचे दोन डबे हॅण्डबॅगेत आणले, कोणी अडवलं नाही.

परत आल्यावर ट्रॉली बॅग दुरुस्तीला टाकली. चाक बघून दुकानदार म्हणाला, “काकू, कुठे फिरवली ही?”

आई म्हणाली, “रोदोसला.”

“रोह्याला?”

“हो, त्याच्या जरा पुढे.”